अंगुराच्या बागेची तार

माझ्या लेकीला, मुक्ताला, या वयात सायकलचं वेड लागलंय. साधीसुधी सायकल नाही हं, जाड टायरची, मुरमावर घसरत नाही म्हणे अशी. तिच्यासारखी वर्ध्याची पाच-सात मंडळी डोक्यावर हेल्मेट बांधून रविवारी पहाटे निघतात आणि डांबरी रस्ता चुकवून कच्च्या वाटा शोधत फिरतात. मागच्या रविवारी धुळीनं माखून घरी आली आणि दारातूनच सुरू झाली, ‘‘आई, काय रस्ता सापडला आज! एक ट्रक नाही, एक हॉर्न नाही. धरणाच्या टेकड्यांपासून थेट धाम नदीच्या काठापर्यंत नुसती नहराची पाळ. तुला माहीत आहे का गं?’’ मला माहीत आहे का म्हणे! त्या पाळीवरचा एकेक खडा माझ्या बुडाला माहीत आहे. मी ‘हो’ म्हटलं आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले, कारण तळहातांना घाम सुटला होता. साठीच्या घरात आले, दोन ऑपरेशनं झाली, पण त्या पाळीवरच्या एका वळणाची आठवण निघाली की माझे हात अजून ओले होतात. म्हणून हे एकदा लिहून टाकते. मुक्ताला तोंडानं सांगणं मला काही जमायचं नाही.

माझे बाबा नहरावर, म्हणजे कालव्यावर, चौकीदार होते. टेकड्यांच्या पायथ्याशी, जिथं नहर धरणातून बाहेर पडतो, तिथं पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची चौकी होती. तेच आमचं घर. मागे सागाचं जंगल, पुढे पाणी, आणि पाण्याच्या काठानं खाली सपाटीत उतरत गेलेली मुरमाची पाळ. गाव म्हणावं असं जवळ काही नव्हतंच. घरात आवाज पाण्याचा. गेट जरा उघडं असलं की रात्रंदिवस एक घोगरी कुरकुर चालायची. ती थांबली की आम्ही झोपेतून जागे व्हायचो, काय झालं म्हणून. आई चुलीवर जवारीच्या भाकरी थापायची, तव्याचा चर्र आवाज आणि बाहेर टिटवीचं ओरडणं, यावर माझी सकाळ व्हायची. भाकरीबरोबर चून, म्हणजे पातळ पिठलं, आणि वरून मूठभर चिरलेला सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नानंतर पुण्याच्या नणंदेला मी ‘चुनावर सांबार टाका’ म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली होती.

शाळा खालच्या गावी, सात किलोमीटर. बस डांबरी रस्त्यानं जायची आणि डांबरी रस्ता आमच्यापासून तीन किलोमीटर, म्हणजे बसचा उपयोग शून्य. बाबांना खात्यातून नवी सायकल मिळाली तेव्हा त्यांची जुनी माझ्याकडे आली. उंच, दांड्याची, पुरुषी सायकल. सुरुवातीला दांड्याखालून पाय घालून कैची चालवायची, मग उंची वाढली तशी सीटवर बसायला लागले. चेन उतरायची, चेनकव्हर खडखडायचं, घंटी नव्हतीच. जाताना उतार, येताना चढ. आधी सागाची गळती पानं, मग संत्र्याचे दोन मळे, मग एक मोठं वळण, वळणाला लागून माझ्या मामाची अंगुराची बाग, आणि तिथून पुढे सगळी सपाटी, कापूस, गहू, तूर, थेट नदीपर्यंत. खरं सांगायचं तर तो रस्ता मला फार आवडायचा. सकाळी सातला पाळीवर फक्त मी असायची.

बंडूमामा, आईचा धाकटा भाऊ, नाशिककडे कोणाच्या तरी द्राक्षमळ्यात दोन वर्षं राहून आला होता. येताना काड्या घेऊन आला आणि त्यानं अर्ध्या एकरात मांडव उभा केला. लोक हसले. ‘‘वर्ध्याच्या उन्हात अंगूर? मनुकाच होतीन डायरेक्ट वेलीवर!’’ असं बाजारात त्याच्या तोंडावर म्हणायचे. पण मामा जिद्दीचा. तिसऱ्या वर्षी घड लागले, लहान, आंबट, पण लागले. आणि घड लागले तशी रानडुकरं आली. एका रात्रीत दोन ओळी मुळासकट उकरून टाकल्या. मामा बांधावर बसून लहान मुलासारखा रडला, हे मी स्वतः पाहिलंय.

त्यानंतर त्यानं बागेच्या खालून, पाळीच्या पाण्याकडच्या कडेनं, गुडघ्याएवढ्या उंचीवर तार ओढली. वरून शेतीची विजेची लाइन जात होती. लांब वायरला आकडा करून तो संध्याकाळी बांबूनं त्या लाइनवर टाकायचा, दुसरं टोक तारेला. झालं, तारेत करंट. हे आमच्याकडे बरेच जण करायचे आणि कोणी बोलायचं नाही. शेतीला तेव्हा वीज पाळीपाळीनं यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात डुक्कर मरायचं आणि दिवसा ती तार म्हणजे नुसती तार. लोक तिच्यावर धोतरं वाळवायचे, इतके निर्धास्त.

मामाला पहाटे दूध घेऊन बाजाराला जावं लागायचं, म्हणून त्यानं मला गाठलं. ‘‘रेखे, तू तं रोज सातले तिथूनच जातं. उतरजो, बांबू तिथंच खांबाले टेकवून हाये, आकडा तेवढा काढून खाली टाकजो. दोन मिनिटाचं काम. पाळी बदलली तं दिवसा भानगड नको.’’ मी म्हटलं, ‘‘बाबांले सांगू?’’ तो दचकला. ‘‘भाऊजीले काऊन सांगतं वं? ते सरकारी माणूस. त्याईले वाटते साधी तार हाये, वाटू दे.’’ आणि दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या सायकलला नवी कोरी घंटी बसवून दिली. ट्रिंग ट्रिंग! मी हरखले. तेव्हा मला कळलं नाही, पण त्या घंटीत माझं तोंड बंद झालं होतं.

पंधरा-वीस दिवस मी इमानानं आकडा काढला. मग एका सोमवारी वळणावर उतरले आणि खाली बघितलं. पाळीवर बारीक पिठासारखी धूळ असायची. त्या धुळीत माझ्या आदल्या दिवशीच्या, रविवारी फक्त आकड्यासाठी मारलेल्या फेरीची रेघ होती, सरळ, ठसठशीत. आणि त्या रेघेवर पंजा. माझ्या तळहातापेक्षा मोठा. रेघेवर उमटलेला, म्हणजे मी गेल्यानंतर आलेला. पुढे दुसरा, तिसरा, तार संपते तिथून वळून पाण्याकडे उतरलेले. वाघ आहे आहे असं लहानपणापासून ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं, आणि आपल्याच रेघेवर त्याचा पाय बघणं वेगळं. सागाचं एक पान पडलं तरी मानेवरचे केस उभे राहिले. बांबू पंधरा पावलांवर होता. मी सायकलवर टांग मारली आणि घंटी बडवत जी सुटले ती सपाटी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी मामानं विचारलं, ‘‘काढला ना वं?’’

‘‘हाव मामा, काढला.’’

किती सोपं गेलं ते! मंगळवारी तेच, बुधवारी तेच; येताजाता वर लाइनकडे मी बघतही नव्हते. मनाशी मी हिशोब मांडला होता की हा रात्रीचा आठवडा आहे, दिवसा लाइन येतच नाही, आकडा वर काय आणि खाली काय. घरी वाघाचं सांगावं तर बाबा शाळा बंद करतील ही भीती, मामाला सांगावं तर भित्री म्हणेल ही भीती, आणि वळणावर पोचलं की ती खरी भीती, वाघाची. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आईनं वाटीत मुद्दाम दूध-भाकर कुस्करून दिली, तीही मी कुत्र्याला घातली.

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता बाबा आईला म्हणाले, ‘‘आज बंडूच्या बागेखाली पाण्यात उतरा लागते. गवतानं नहर तुंबला तिथं.’’ मी ऐकलं. ऐकून चप्पल घातली, दप्तर लावलं आणि निघाले. वळणावर नेहमीसारखी घंटी बडवली, नेहमीसारखी पुढे गेले. हे लिहिताना मला माझ्या त्या चौदा वर्षांच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

शाळेच्या खिडकीला लागून गव्हाचं शेत होतं. नऊ वाजले असतील, सर फळ्यावर बीजगणित लिहीत होते. आणि शेतातली मोटार सुरू झाली. भर्रर्र. मग पलीकडच्या शेतातली. मग त्याच्याही पलीकडची, एकामागून एक, साऱ्या सपाटीवर. शेजारची पोरगी कुजबुजली, ‘‘अवं, आज लाइन दिवसा आली!’’ पाळी मधेच बदलली होती. बाबा गुडघाभर पाण्यात, अंगानं ओलेचिंब, आणि त्यांच्या डोक्याशी ती तार. वर चढायचं तर धरणार काय? तीच तार. त्यांच्या लेखी ती साधी तार.

‘‘सर, मले घरी जावं लागते.’’

‘‘बस खाली. काय झालं?’’

दप्तर तिथंच टाकून मी पळाले. सर मागून ओरडत होते, ‘‘अगं ए रेखा!’’

वळणापर्यंतचे ते चार-पाच किलोमीटर मी कसे कापले ते मला आजही नीट सांगता येत नाही. चढ होता. मुरूम चाकाखाली सरकत होता. दोन्ही बाजूंनी मोटारी ओरडत होत्या, आणि एरवी पाण्याचा तो आवाज ऐकून किती बरं वाटायचं! प्रत्येक मोटार मला सांगत होती की लाइन आहे, अजून आहे. मी मोठ्यानं बोलत होते, देवा, आजचा दिवस, फक्त आजचा दिवस. मध्येच चेन उतरली. मी खाली बसून ती चढवायला लागले, चेन दातांवर बसेना. काळं ग्रीस, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं एक झालं. एकदा वाटलं सायकल फेकून पळत जावं. मग बसली एकदाची. पुन्हा पायडल. छातीत इतकं दुखत होतं की मला वाटलं मीच आधी मरते. वळण दिसलं. पंजे, वाघ, काही आठवलं नाही. वाघ समोर उभा असता तर त्याला धडकून गेले असते.

बाबा नहरात होते. विळा कमरेला खोचलेला, बनियन अंगाला चिकटलेलं. काम संपवून ते वर येत होते. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघेना. घंटी वाजवली, बागेशेजारच्या मोटारीच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार? बाबांनी डावा हात वर केला आणि तार धरली.

काही झालं नाही.

त्यांनी तारेचा आधार घेऊन पाय वर टाकला, पाळीवर आले, धोतर पिळलं आणि मला पाहिलं. ‘‘काऊन वं? शाळा सुटली का आज लवकर?’’ मी सायकलसकट मुरमावर आडवी झाले. गुडघा फुटला, तो वण अजून आहे. वर बघितलं तर लाइनवर आकडा नव्हता. वायर गवतात पडली होती.

‘‘बाई, आली का तू?’’ मागून आवाज आला. पळसाखाली फुलामाय बसली होती. फुलामाय आमच्या वरच्या टेकडीवरची, गोंडाची म्हातारी, बारा-तेरा शेळ्या घेऊन रोज ऊन तापलं की नहरावर उतरायची. शेळ्यांशी ती तिच्या भाषेत बोलायची, आमच्याशी आमच्या. उजवा हात तिनं लुगड्याच्या पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. तोंड राखेसारखं. शेजारी तिची पाला तोडायची लांब काठी पडली होती, टोकाला लोखंडी विळी लावलेली, कालच तोडलेली, ओली, हिरवी.

मी जवळ गेले तशी ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘तू आकडा काढाले उतरत नाईस, हे म्या सोमवारीच टेकडीवरून पाह्यलं. म्हटलं, पोट्टी भेली हाये. मंग मीच काढून राह्यली रोज. शेळ्या जातेत ना इथून. आज काठी लावली आन् तवाच लाइन आली. फेकलं मले तिकडं. आकडाबी पडला, बरं झालं.’’

म्हणजे वर्गात माझ्या कानावर पहिली मोटार पडली, त्याच क्षणी इथं हे झालं होतं, आणि खाली गवतात वाकलेल्या बाबांना मोटारीच्या आवाजात ते कळलंही नव्हतं. मी एवढी वाट ज्यासाठी मरत आले, ते म्हातारीनं आधीच आपल्या हातावर घेतलं होतं. मी पदर बाजूला केला. ते मी इथं लिहिणार नाही.

‘‘फुलामाय, सांगतलं काऊन नाई कोणाले?’’

‘‘सांगतलं असतं तं तुह्या मामानं तुलेच बदडलं असतं. वाघीण हाये ते. पिलायले घेऊन पाण्यावर येते. भ्याव वाटतेच.’’ मग बाबा जवळ येताना दिसले तशी ती पटकन म्हणाली, ‘‘मी चुलीवर भाजलं म्हणतो. तू गप राह्यजो.’’

बाबा येऊन उभे राहिले. ‘‘काय झालं फुलामाय?’’

ती तोंड उघडणार, त्याआधी मी बोलले. आजही मला कळत नाही ते धाडस कुठून आलं. कदाचित भीतीच इतकी झाली होती की तिला ठेवायला जागा उरली नव्हती. ‘‘बाबा, ते साधी तार नोहे. तिच्यात करंट राह्यते. मामानं मले आकडा काढाले सांगतलं होतं. वाघाचे पंजे दिसले म्हणून मी चार दिवस आकडा काढाले उतरलीच नाई. काढला म्हणून खोटं सांगतलं. फुलामायनं काढला, म्हणून तिचा हात...’’ पुढचं रडण्यात गेलं.

बाबांनी आधी तारेकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. मी मार खायला तयार होते, मनातून मला तो हवाही होता. त्यांनी मारलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात भिजवला, फुलामायच्या हाताला हलकेच गुंडाळला, तिला उचलून माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि हँडल माझ्या हातात दिलं. ‘‘खालच्या दवाखान्यात ने. तूच नेशीन.’’

‘‘आन् माया शेळ्या?’’ फुलामाय कळवळली.

‘‘मी पाहातो शेळ्या.’’

नहराचा सरकारी चौकीदार ओल्या धोतरानं हातात विळा घेऊन तेरा शेळ्या वळतोय, हे दृश्य एरवी मला महिनाभर हसायला पुरलं असतं. मी सायकल चालवायला लागले. फुलामायचा चांगला हात माझ्या कमरेभोवती होता, खड्ड्यात चाक गेलं की तो आवळायचा आणि ती दातांतून ‘स्स’ करायची. मी प्रत्येक खडा चुकवत होते. उतार होता तरी ब्रेक धरून, पायी चालल्यासारखी. तिनं एकदाही माझ्यावर राग काढला नाही. सपाटी लागल्यावर म्हणाली, ‘‘घंटी वाजव ना वं, चांगली वाजते.’’ मी वाजवली नाही. मला ते शक्यच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही ती ‘चुलीवर’च म्हणाली, आणि मी म्हटलं, नाही, तारेनं.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी ती तार गुंडाळून काढली. मामा खूप बोलला, सरकारी माणूस, बहिणीचं घर, माझी बाग, काय काय. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती, तिनं भावाला जेवायला वाढलं नाही, आणि पुढची तीन वर्षं भाऊबिजेला ओवाळलं नाही. अंगुराचे वेल पुढच्या उन्हाळ्यात गेले. मामानं तिथं तूर लावली. घंटी मी स्वतः पान्यानं काढून नहरात टाकली. फुलामायच्या उजव्या हाताची दोन बोटं कधी सरळ झाली नाहीत. माझ्या लग्नात ती हळद लावायला आली, त्याच दोन वाकड्या बोटांनी तिनं माझ्या गालाला हळद लावली आणि कानाशी म्हणाली, ‘‘आतातरी भेऊ नको.’’ मी मान हलवली. पुन्हा एकदा खोटं बोलले.

हे सगळं लिहून झालं आणि या रविवारी मी मुक्ताला म्हटलं, मला ने. ती आनंदानं वेडी झाली, कोणाची तरी जास्तीची सायकल आणली, मला हेल्मेट बांधलं. आम्ही वरून निघालो. चौकीचं छप्पर पडलंय. सागाची पानं तशीच पडतात. संत्र्याचे मळे संपले आणि वळण दिसायला लागलं तसे हँडलवरचे हात ओले झाले. बागेच्या जागी आता सोयाबीन आहे, भोवती तार आहे, नवी, चकचकीत, आणि तिच्यावर विजेच्या धोक्याची, ‘झटका’ लिहिलेली पाटी. खाली धूळ तशीच, पिठासारखी. मुक्ता पुढे निघून गेली होती, वळून ओरडली, ‘‘आई, काय झालं? थांबलीस का?’’

भीती तीच होती. तरी मी सायकलवरून उतरले.